गिटार, क्षयोपशम आणि रोजची वीस मिनिटं



"हिला गिटारच्या क्लासला घातलं होतं, पण हिच्यात टॅलेंटच नाही हो. तीन महिने झाले, एक गाणं धड येत नाही."

हे वाक्य गेल्या काही वर्षांत मी निरनिराळ्या घरांत ऐकलं. कधी मुलीच्या जागी मुलगा असतो. कधी बोलणारी स्वतःबद्दलच बोलत असते: मुलं मार्गी लागली म्हणून हौसेनं गिटार घेतली, पण बोटं वळत नाहीत, आपल्यात नाहीच ते. वाक्य संपतं आणि गिटार कपाटावर चढते. ज्या मुलीबद्दल हे बोललं जातं, ती बहुतेक वेळा तिथेच उभी राहून ऐकत असते.

गिटारचं मला फारसं वाईट वाटत नाही. वस्तू आहे, विकता येते. पण "आपल्यात नाही" हे वाक्य मुलीच्या मनात एकदा बसलं की ते गिटारपाशी थांबत नाही. पुढे गणित, पोहणं, गाडी चालवणं, चार लोकांत उभं राहून बोलणं, सगळीकडे ते आधी जाऊन बसतं. म्हणून आज माझं मत स्पष्ट मांडते. गिटार शिकणाऱ्याच्या पहिल्या वर्षात टॅलेंटचा प्रश्न कोणी विचारूच नये. विचारायचे ते दोनच प्रश्न: काय वाजवता यायला हवं आहे, आणि त्यासाठी रोज किती मिनिटं देणार?

याचा अर्थ सगळे सारखेच असतात असं नाही. "मेहनत केली की कोणीही काहीही होऊ शकतं" हे भाषणात टाळ्या घेणारं वाक्य आहे, आणि ते खरं नाही. आपल्याकडे तर यासाठी फार नेमका शब्द आहे, क्षयोपशम. ज्ञानावरणीय कर्माचा पडदा कोणाचा जास्त विरळ, कोणाचा कमी. एखादं मूल एकदा ऐकून सूर धरतं, दुसऱ्याला दहा वेळा ऐकावं लागतं. एवढंच नाही, चिकाटीनं बसून राहण्याची ताकदसुद्धा सर्वांना सारखी मिळत नाही. त्याला वीर्यांतराय कर्माचा क्षयोपशम लागतो. स्वीडनमध्ये दहा हजारांहून जास्त जुळ्यांचा एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यातही हेच दिसलं, की संगीताचा सराव करण्याची ओढ काही प्रमाणात जन्मजात असते. फरक खरा आहे. तो नाकारून मुलांना खोटी आशा दाखवू नये.

पण क्षयोपशम डोळ्यांना दिसत नाही. पडदा किती विरळ आहे हे पुरुषार्थ केल्याशिवाय कळण्याचा दुसरा मार्ग आपल्याला उपलब्ध नाही. पंच समवायात काल, स्वभाव, नियती, कर्म आणि पुरुषार्थ अशी पाच कारणं सांगितली आहेत. त्यातलं आपल्या हातात काय, तर पुरुषार्थ. आणि आपण नेमकं तेच सोडून उरलेल्या चारांची चर्चा करत बसतो!

आता थोडा हिशेब. मी वाणिज्य शाखेची पदवीधर आहे, आकडे मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही.

क्लास आठवड्यातून एक तास. तीन महिन्यांत तेरा तास. त्यातले काही तास गिटार सुरात लावण्यात आणि इतर मुलांची पाळी संपण्याची वाट पाहण्यात जातात. घरी सराव झाला नसेल, तर तेरा तासांत टॅलेंटचा निकाल लागला! अहो, तेरा तासांत पोळीसुद्धा गोल होत नाही. आणि पोळ्यांच्या बाबतीत "हिच्यात टॅलेंट नाही" म्हणून कुठल्या मुलीची सुटका झाल्याचं निदान माझ्या तरी ऐकिवात नाही. तिथे आपण म्हणतो, रोज लाट, येईल. मग गिटारला वेगळा न्याय का?

दुसऱ्या टोकाची माणसं दहा हजार तासांचा आकडा सांगतात. माल्कम ग्लॅडवेल यांच्या २००८ सालच्या पुस्तकामुळे तो घरोघरी पोहोचला. त्याचं मूळ अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आहे. बर्लिनच्या संगीत अकादमीत व्हायोलिन शिकणाऱ्यांनी लहानपणापासून किती सराव केला, याची त्यांनी मोजदाद केली. वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत सर्वोत्तम गटाचा सराव सरासरी सुमारे ७,४०० तास झाला होता, त्याखालच्या गटाचा सुमारे ५,३००, आणि संगीतशिक्षक होऊ पाहणाऱ्यांचा सुमारे ३,४००. म्हणजे दहा हजार ही काही ओलांडायची रेघ नव्हती. ग्लॅडवेल यांनी आपल्या कामाचा सोपा नियम करून टाकला, असं एरिक्सन यांनी पुढे स्वतःच लिहिलं. शिवाय ही सगळी मुलं आधीच निवडून अकादमीत आलेली होती. आपल्या घरातल्या नवशिक्या मुलीला हा आकडा लावणं म्हणजे किराणा दुकानाचा ताळेबंद टाटांच्या ताळेबंदाशेजारी ठेवण्यासारखं आहे.

२०१४ साली ब्रुक मॅकनमारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले. लोकांच्या संगीतातल्या कामगिरीत जो फरक दिसतो, त्यातला सुमारे २१ टक्के फरक सरावाच्या प्रमाणातून समजतो, असं त्यांना आढळलं. हा आकडा लहान नाही, पण शंभरही नाही. बाकीचा फरक मग कशातून येत असेल? सुरुवातीचं वय, शिक्षक, हाताची ठेवण, कानाची तयारी, मनाची ओढ, अशी बरीच कारणं असू शकतात. आमच्या भाषेत सांगायचं तर उपादान आणि निमित्त दोन्ही.

आता घरगुती गणित. रोज वीस मिनिटं. सणवार, परीक्षा, आजारपण वजा करून वर्षात ३०० दिवस धरले, तर वर्षाचे १०० तास होतात. या वेगानं दहा हजार तासांना शंभर वर्षं लागतील. त्यामुळे रोज वीस मिनिटं देणाऱ्यानं कार्यक्रम गाजवणाऱ्या वादकाकडे पाहून रडू नये. त्यानं भरलेली ठेव वेगळी, आपली वेगळी. पण १०० तास म्हणजे काहीच नाही असंही नाही. आवडीची पाच-सहा गाणी गात गात वाजवता यावीत, एवढं व्याज त्यावर बहुतेकांना मिळतं.

स्फूर्तिदायक गोष्टींपासूनही थोडं सावध राहायला हवं. जँगो राइनहार्ट या गिटारवादकाची गोष्ट मोबाइलवर फिरत असते. १९२८ साली आगीत त्याचा डावा हात भाजला, दोन बोटं निकामी झाली, आणि उरलेल्या दोन बोटांनी तो जगप्रसिद्ध झाला. गोष्ट खरी आहे. मात्र ती सांगणारे मधलं पान गाळतात. आग लागली तेव्हा तो अठरा वर्षांचा होता आणि लहानपणापासून वाजवून त्यावर कमाई करत होता. नंतर किती तरी महिने अंथरुणावर काढत त्यानं हात पुन्हा तयार केला. त्याच्यात प्रतिभाही होती आणि सरावही. "बघ, त्याला दोन बोटांनी जमलं, तुला पाच असून जमत नाही?" असं मुलाला ऐकवण्यासाठी ही गोष्ट नाही.

आपल्या घरात शिकण्याचं याहून चांगलं उदाहरण आहे. भक्तामर स्तोत्र. आचार्य मानतुंगांचे ४८ श्लोक, सगळे वसंततिलका वृत्तात. एका चरणात चौदा अक्षरं, एका श्लोकात छप्पन्न. संस्कृत न शिकलेल्या किती तरी बायकांना ते अथपासून इतिपर्यंत पाठ आहे. त्यांतल्या कोणाला कधी कोणी विचारलं होतं का, की तुझ्यात भक्तामरचं टॅलेंट आहे का? आठवड्याला एक श्लोक धरला तर वर्षाच्या आत पूर्ण होतं. पाठशाळेतल्या एखाद्या मुलीचं महिन्यात होतं, एखादीला दोन चातुर्मास लागतात. आणि दहा वर्षांनी मंदिरात दोघी शेजारी बसून म्हणत असतात. कोणीचं आधी पाठ झालं होतं हे कोणाला आठवतही नाही. एकीचा गळा गोड असतो, दुसरीचा नसतो, तो फरक राहतोच. पण स्तोत्र दोघींचं झालेलं असतं.

भक्तामर पाठ करणारीला आणखी एक गोष्ट ठाऊक असते. पहिले चार-पाच श्लोक जड जातात. एकदा वृत्ताची चाल जिभेवर बसली की पुढचे श्लोक त्याच वाटेनं येतात. गिटारचंही अगदी तसंच आहे. पहिल्या दोन-तीन कॉर्ड्सना जेवढा वेळ लागतो, तेवढा पुढच्यांना लागत नाही. फक्त लोक पहिल्या श्लोकावरच पोथी मिटतात. फेंडर ही गिटार बनवणारी मोठी अमेरिकन कंपनी. तिचे प्रमुख असताना अँडी मूनी यांनी सांगितलं होतं, की नव्यानं गिटार हाती घेणाऱ्यांतले जवळजवळ नव्वद टक्के लोक पहिल्या वर्षातच ती सोडून देतात. नव्वद टक्क्यांत टॅलेंट नसतं हे मला पटत नाही. पहिले महिने कसे जाणार आहेत, हे त्यांना आधी कोणी सांगितलेलं नसतं.

ते मी इथे सांगते. पहिले काही आठवडे डाव्या हाताच्या बोटांची टोकं दुखतात. स्टीलच्या तारांवर जास्त, नायलॉनच्या तारांवर कमी. रोज थोडं वाजवलं की तिथली कातडी घट्ट होते आणि दुखणं थांबतं. मध्ये पंधरा दिवस खंड पडला की पुन्हा थोडं दुखतं. डाव्या हाताची नखं कापलेली हवीत, नाहीतर तार नीट दाबलीच जात नाही. सुरुवातीला एक तार वाजते, दुसरी मुकी राहते, तिसरी खरखरते. हे सगळ्यांचं होतं.

मुलीला नापास करण्याआधी गिटार तपासा. स्वस्त गिटारमध्ये तारा मानेच्या पट्टीपासून बऱ्याच उंच असतात. त्या दाबायला मोठ्या माणसालासुद्धा जोर लागतो. दुरुस्ती करणाऱ्याकडून तारांची उंची कमी करून घेता येते. मूल लहान असेल तर पूर्ण मापाची गिटार त्याच्या कवेत मावत नाही, त्यासाठी पाऊण मापाची मिळते. आणि रोज आधी सूर लावा. सहाव्या तारेपासून पहिल्या तारेपर्यंत ई, ए, डी, जी, बी, ई. मोबाइलवरच्या ट्यूनर अॅपनं ते दोन मिनिटांत होतं. बेसूर गिटारवर बरोबर बोटं ठेवली तरी बेसूरच वाजणार. मग मूल समजतं, चूक आपलीच.

जाता जाता, आपल्या घरांत विचारला जाणारा एक प्रश्न. पूर्वी क्लासिकल गिटारच्या काही तारा जनावरांच्या आतड्यांपासून बनत. १९४० च्या दशकात नायलॉनच्या तारा आल्या आणि ते मागे पडलं. आज दुकानात मिळतात त्या नायलॉनच्या किंवा धातूच्या. मात्र काही महाग गिटारींमध्ये तारा ज्या दोन छोट्या पट्ट्यांवर टेकतात, त्या हाडाच्या असतात. प्लास्टिकच्या किंवा इतर कृत्रिम पदार्थाच्याही मिळतात. घेताना विचारून घ्यावं.

आता अपेक्षा काय ठेवावी? रोज वीस ते तीस मिनिटं सराव धरून, साधारण असं. तीन महिन्यांत चार-पाच सोप्या कॉर्ड्स ओळखीच्या होतात, पण एकीवरून दुसरीवर जाताना मध्ये थांबावं लागतं. सहा महिन्यांत सोप्या चालीची दोन-तीन गाणी सावकाश का होईना, न थांबता वाजतात. मग एफची कॉर्ड येते. तिथे एका बोटानं सगळ्या तारा आडव्या दाबाव्या लागतात. ही कॉर्ड भल्याभल्यांना महिनोन्‌महिने रडवते. वर्षाच्या शेवटी लय स्थिर होते आणि घरच्यांना बसून ऐकावंसं वाटतं. कोणाला हे आधी येईल, कोणाला दीड वर्ष लागेल. साठीतल्या शिकणारीची बोटं थोडी सावकाश वळतील, पण तिला कुठल्या परीक्षेची घाई नसते, ही तिची मोठी जमेची बाजू.

एक वही करा. दोन कॉर्ड्स घ्या, एक मिनिट लावा, आणि त्या मिनिटात एकीवरून दुसरीवर किती वेळा स्वच्छ जाता आलं ते तारखेसह लिहा. पहिल्या दिवशी सात असेल. महिन्यानं पंधरा होईल, पुढे तीस. शेजारच्या मुलाच्या वहीशी तुलना करायची नाही, आपल्याच मागच्या पानाशी करायची. ज्या दिवशी "काहीच येत नाही" असं वाटेल, त्या दिवशी पहिलं पान उघडायचं. मनाला वाटणारं आणि वहीत लिहिलेलं यांत फरक पडला, तर विश्वास वहीवर ठेवावा. हे आम्हाला कॉलेजात हिशेबाच्या पहिल्याच धड्यात शिकवलं होतं.

आणि रोज थोडं, एवढं मात्र पाळा. रविवारी एकदम अडीच तास बसण्यापेक्षा रोजची वीस मिनिटं जास्त कामाची. तत्त्वार्थसूत्राच्या पहिल्या अध्यायात मतिज्ञानाचे चार टप्पे सांगितले आहेत: अवग्रह, ईहा, अवाय आणि धारणा. वस्तूची ओझरती जाणीव होते, मग ती नेमकी काय याचा शोध, मग निश्चय, आणि शेवटी ती टिकून राहणं. क्लासमध्ये फार तर अवाय होतो. धारणा घरी होते, पुन्हा पुन्हा केल्यानं. सामायिकाला आपण ४८ मिनिटं बसतो. मन लागलं नाही म्हणून कोणी मध्येच उठत नाही. तीच शिस्त इथे हवी.

मग सोडायचं कधी? सोडूच नये असं मी म्हणत नाही. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात नियम आणि यम यांत फरक केला आहे. ठरावीक काळासाठी घेतो तो नियम, आयुष्यभरासाठी घेतो तो यम. गिटारचा यम घ्यायची काही गरज नाही. एक वर्षाचा नियम घ्यावा. तेवढा काळ रोजची मिनिटं द्यावीत, वही भरावी, आणि टॅलेंट हा शब्द घरात कोणी उच्चारू नये. वर्षानं मुलीला विचारावं, पुढे वाजवायचं आहे का? ती नाही म्हणाली तर आनंदानं थांबावं. तिनं नियम पूर्ण केलेला असेल. तीन महिन्यांत हरून सोडणं आणि वर्षानं ठरवून थांबणं, दोन्हीत गिटार कपाटावरच जाते. पण पहिलीतली मुलगी "मला येत नाही" म्हणत उठते, दुसरीतली "मला आता दुसरं काही करायचं आहे" म्हणत उठते. माझ्या मते सगळा फरक इथे आहे.

आणि एखाद्या मुलीचा क्षयोपशम खरोखरच चांगला निघाला तर? तर जास्त जपायला हवं. दशलक्षण पर्वातल्या कार्यक्रमात तिला पुढे बसवावं, कौतुक करावं, पण "आमच्या मुलीसारखं कोणाला येत नाही" हे तिच्या कानावर पडू देऊ नये. आठ मदांच्या यादीत पहिलं नाव ज्ञानाचं आहे, ते उगाच नाही. जे सहज आलं त्याची स्तुती ऐकत वाढलेलं मूल अवघड एफपाशी पोहोचलं की घाबरतं, कारण तिथे सहज काही येत नाही. स्तुती करायचीच तर वहीची करावी. आणि पाहुणे आले की "वाजवून दाखव" म्हणून कोणत्याच मुलीला उभं करू नये, येत असलेलीलाही नाही आणि न येणारीलाही नाही. तिला वाटलं तर ती स्वतः गिटार घेऊन येईल.

तुमच्या घरात कपाटावर चढलेली एखादी गिटार असेल तर खाली काढा, पुसा, तारा जुन्या असतील तर बदला. मग घड्याळ लावून वीस मिनिटं. नियम कोणत्या तारखेपासून धरला ते वहीच्या पहिल्या पानावर लिहायला विसरू नका.

जय जिनेंद्र.